जठराच्या कर्करोगात विषाणू सापडला, तर पेशी कशा वेगळ्या असतात?

इंदिरानगरकर: माझ्या मामांच्या जठराच्या वरच्या भागात गाठ आढळली असून बायोप्सी येथेच, नाशिकमध्ये झाली. अहवालात ‘लसिकापेशींचा दाट भरणा’ आणि ‘ईबीईआर पॉझिटिव्ह’ असे दोन उल्लेख आहेत. ही एपस्टाइन-बार विषाणूची खूण असल्याचे कळले. पण विषाणूचा आणि पेशींच्या रूपाचा संबंध काय? शिवाय मामी विचारतात, की त्यांचे ताट-पेला वेगळे ठेवायचे का.

सूक्ष्मदर्शी: ते दोन्ही उल्लेख एकमेकांशी निगडित आहेत. ईबीईआर, म्हणजे विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या तपासणीत कर्करोगाच्या पेशींची केंद्रके गडद रंगतात आणि त्यांच्यामध्ये दाटीने बसलेल्या लसिकापेशी (शरीराच्या प्रतिकारपेशी) बहुतांशी कोऱ्याच राहतात. म्हणजे विषाणू गाठीच्या पेशींत आहे आणि लसिकापेशी त्याच्यावर चालून आलेल्या आहेत. जठराच्या साधारण दहापैकी एका कर्करोगात असे चित्र दिसते, ते पुरुषांत अधिक आणि बहुधा जठराच्या वरच्या किंवा मधल्या भागात.

खरा फरक मात्र जनुकांत असतो. २०१४ मध्ये टीसीजीए या कर्करोगांच्या जनुकांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी प्रकल्पाने जठराच्या कर्करोगाचे चार रेणवीय प्रकार मांडले, त्यांतला हा एक. यात डीएनएवर मेथिलेशन, म्हणजे जनुके बंद करणाऱ्या रासायनिक खुणा, इतके दाट चढते, की पी१६ सारखी पेशीविभाजनाला लगाम घालणारी जनुके शाबूत असूनही मुकी होतात. पी५३ या गाठींना रोखणाऱ्या जनुकातील बिघाड, जो जठराच्या इतर अनेक कर्करोगांत आढळतो, तो येथे विरळाच. पेशीच्या वाढीला चालना देणाऱ्या पीआयके३सीए जनुकातील बदल मात्र सुमारे ८० टक्के गाठींत सापडले. काही गाठींत प्रतिकारपेशींना थोपवणाऱ्या पीडी-एल१ या प्रथिनाच्या जनुकाच्या जादा प्रती असतात, म्हणून भोवती प्रतिकारपेशींची एवढी गर्दी असूनही गाठ तग धरते.

इंदिरानगरकर: सर, मामांनी पूर्वी हेलिकोबॅक्टरसाठी गोळ्या घेतल्या होत्या. हा त्याचाच परिणाम का?

गोदाकाठ: हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू, तर हा विषाणू, दोघांची गल्लत अनेकजण करतात. जिवाणूमुळे अस्तराला वर्षानुवर्षे सूज राहते आणि त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. पण या अहवालावरून त्या जुन्या संसर्गावर बोट ठेवता येणार नाही. ताट-पेला वेगळे ठेवण्याची गरज नाही. हा विषाणू लाळेतून पसरतो खरा, पण जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो आधीच सुप्तावस्थेत असतो आणि त्यांतील फारच थोड्यांना असा कर्करोग होतो. कर्करोग स्वतः संसर्गाने पसरत नाही.

सूक्ष्मदर्शी: सहमत. एक भर घालतो: या प्रकारात लसिकाग्रंथींपर्यंत पसरण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते, तरीही शस्त्रक्रिया आणि केमोथेरपीचा निर्णय आजाराच्या टप्प्यावरच होतो, विषाणूवर नव्हे. पीडी-एल१, एमएमआर (डीएनएतील चुका दुरुस्त करणारी प्रथिने) आणि हर-२ (पेशीवरील वाढीचे प्रथिन) या औषध निवडायला मदत करणाऱ्या तपासण्या झाल्या आहेत का, हे कर्करोगतज्ज्ञांना विचारा. झाल्या नसतील, तर प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या पॅराफिन ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या बायोप्सीच्या तुकड्यावर) त्या सहसा करता येतात. नवी बायोप्सी लागतेच असे नाही.