मदत हवी आहे: आजी-आजोबांना फोनवर ‘आंघोळीला मदत लागते का’ हे कसं विचारावं?

नमस्कार मंडळी,

एमडी मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे वृद्धांच्या परावलंबनावरच संशोधन करायचं असं मनाने घेतलंय. त्यामागे येल विद्यापीठातल्या डॉ. थॉमस गिल यांचं काम आहे. १९९८ मध्ये त्यांच्या चमूने अमेरिकेतल्या न्यू हेवन परिसरातली सत्तर आणि त्यापुढच्या वयाची, तेव्हा स्वतःचं स्वतः करणारी ७५४ माणसं निवडायला सुरुवात केली. मग दर महिन्याला फोन. आंघोळ, कपडे घालणं, घरात चालणं, खुर्चीतून उठणं, यासाठी दुसऱ्या कुणाची मदत लागते का? वीस वर्षांहून जास्त काळ हेच विचारत राहिले! त्यातून दिसलं की नव्याने परावलंबी झालेल्यांपैकी ८१ टक्के लोक वर्षाच्या आत पुन्हा स्वावलंबी होतात, पण त्यातले बरेच पुन्हा अडखळतात. आणि आजारपणात रुग्णालयात भरती होणं हे घसरणीचं मोठं कारण. वर्षातून एकदाच विचारलं असतं तर हा चढउतार हाती लागलाच नसता.

आपल्याकडे मुंबईच्या आयआयपीएस या लोकसंख्या-अभ्यास संस्थेने ‘लासी’ या वार्धक्यावरच्या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या फेरीत (२०१७-१८) पंचेचाळीस आणि त्यापुढच्या वयाचे लोक आणि त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांवर लोकांची माहिती घेतली. काम फार मोठं आहे, पण मला महिन्या-महिन्याचं हवंय. तालुक्यातल्या काही गावांत छोटा अभ्यास करायचा विचार आहे, एथिक्स कमिटीसाठी प्रस्ताव लिहितेय.

अडचण प्रश्नाचीच आहे. न्यूमोनियातून बऱ्या झालेल्या एका आजींच्या घरी गेले होते. सून त्यांना मोरीत पाटावर बसवून आंघोळ घालते. आजींना तांब्या उचलता येतो, पाठही चोळता येते. मग का? ‘पडल्या तर? लोक काय म्हणतील?’ आता यांना मदत ‘लागते’ म्हणायचं की नाही? आजी स्वतः म्हणाल्या, ‘मला जमतं गं, पण ही करू देत नाही.’ मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. काही महिने करूच दिलं नाही, तर जमणारंही जमेनासं होतं.

शिवाय खुर्चीतून उठणं पुरेसं नाही. जेवायला मांडी घालून बसणं, जमिनीवरून उठणं, भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं हे घ्यायलाच हवं.

तर जाणकारांनो, विशेषतः फिजिओथेरपिस्ट, आशाताई आणि घरात वयस्कर माणसं असलेले सगळे:

तुमच्याकडच्या आजी-आजोबांचं सगळ्यात आधी काय सुटलं? आजारपणानंतर काय परत आलं, आणि ते कशामुळे?

फोन बहुतेक वेळा मुलाच्या खिशात असतो, आजोबांना ऐकू कमी येतं, आणि उत्तर सूनबाई देतात. अशा वेळी खुद्द त्यांच्याशीच बोलायचं, तेही घरच्यांना न दुखावता, हे कुणी जमवलंय का? आशाताईंनी घरी जाऊन विचारणं बरं, की त्यांच्यावर आधीच कामाचा बोजा आहे?

कुणी जेरियाट्रिक्समध्ये (वृद्धांच्या आजारांच्या शाखेत) एमडी केलं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रुग्ण बघत बघत इतकी वर्षं चालणारा अभ्यास इथे राहून करता येतो का, पैसा कुठून उभा करतात, हे सविस्तर विचारायचं आहे.