भावाला बायपोलर निघालंय, पुढं आयुष्य नीट जातं का?

कृष्णाकाठ:
धाकटा भाऊ, वय २६, पुण्यात नोकरीला. मार्चमध्ये आठवडाभर जवळजवळ झोपलाच नाही. रात्रभर कंपनी काढायचे बेत सांगायचा, साठवलेले पैसे मित्रांना वाटून टाकले. शेवटी ॲडमिट करावं लागलं. डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं, म्हणजे मन कधी अति चढतं, कधी पार उतरतं तो आजार. मन स्थिर ठेवायला लिथियमच्या गोळ्या चालू केल्यात. आता सांगलीला घरी आहे. शांत आहे, पण दिवसभर खोलीतच. आई म्हणते, एवढ्या तरण्या पोराला जन्मभर गोळ्या कशाला. काका म्हणतात, लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल. हा आजार असून कुणाचं बरं चाललंय का? आणि चाललं असेल तर रोजच्या रोज नेमकं काय करता?

खतावणी:
ताई, माझं चाललंय. वय ४७, बायपोलर, निम्मं आयुष्य लिथियमवर. तालुक्याच्या गावी पतसंस्थेत हिशेब बघते, मुलगा बारावीला आहे.

गोळ्यांचं आधी सांगते, कारण यात हयगय चालत नाही. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. म्हणून मी हरतालिका निर्जळी करत नाही, जुलाब लागले तर लगेच डॉक्टरांना कळवते. अंगदुखीवर दुकानातून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणून घेऊ देऊ नका, त्यानंही पातळी चढते. रक्त द्यायचं ते शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी. सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. पातळी साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये ठेवतात, त्याला किती हवी ते डॉक्टर ठरवतील. थायरॉइड आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) सहा महिन्यांनी. हात फार थरथरायला लागले, उलट्या झाल्या, चालताना तोल जायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

दुसरी झोप. कोजागरीला आमच्याकडे सगळे गच्चीवर असतात, मी साडेदहाला खाली येऊन झोपते. माझ्या वाटणीचं दूध जाऊबाई फ्रीजमध्ये ठेवतात, ते सकाळी पिते. पाहुण्यांना सुरुवातीला विचित्र वाटायचं, आता कुणी विचारत नाही.

पण मला सगळ्यात जड गेलं ते वेगळंच. आजाराचं नाव कळल्यापासून घरात माझा राग आणि माझं हसू, दोन्हींवर संशय. आमटी खारट झाली म्हणून चिडले तरी सासूबाई विचारायच्या, "गोळी घेतलीस का?" भाचीच्या हळदीला नाचले, तर नवरा कोपऱ्यातून बघतोय, हिचं जास्त तर होत नाही ना. काळजी खरीच होती त्यांची. पण सतत कुणाच्या तरी नजरेखाली असलेलं माणूस शेवटी खोलीत जाऊन बसतं. (तुमच्या भावाचं खोलीत बसणं हे डिप्रेशनही असू शकतं. पुढच्या वेळी डॉक्टरांना हे नक्की सांगा.)

मग मी पूर्ण बरी असताना आम्ही एक कागद केला. नवरा, जाऊबाई आणि मी, स्वयंपाकघरात बसून, वहीचं एक पान. मला चढायला लागलं की काय काय होतं ते मीच सांगितलं. सलग दोन रात्री चार तासांच्या आत झोप आणि तरी दिवसा थकवा नाही. पहाटे उठून माळा आवरायला काढणं. रात्री अकरानंतर जुन्या मैत्रिणींना फोन. एका फेरीत दोनपेक्षा जास्त साड्या. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की जाऊबाईंनी मला सांगायचं, मी वाद न घालता डॉक्टरांना फोन करायचा आणि एटीएम कार्ड नवऱ्याकडे द्यायचं. जाऊबाई अशासाठी, की तेव्हा नवऱ्यानं सांगितलं तर मला भांडण वाटतं, त्यांचं मी ऐकते. या कागदावर जे नाही ते माझं. आमटी खारट झाली तर मी चिडणार, आणि तेव्हा गोळीचं कुणी विचारायचं नाही.

गेल्या दिवाळीआधी कागद कामाला आला. माळा निघाला होता, झोप तुटली होती. दिवाळीची आवराआवर म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. डॉक्टरांनी औषध वाढवलं, मी रजा घेतली, ॲडमिट न होता खाली आले.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातही याला जागा आहे. तब्येत ठीक असताना, आपल्यावर पुढे कसे उपचार व्हावेत आणि कसे नकोत, हे लिहून ठेवता येतं (कलम ५), आपल्या वतीनं बोलणारं माणूसही नेमता येतं (कलम १४).

बाप_माणूस:
माझ्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, भास-भ्रम होतात तो मानसिक आजार. काकांना एवढं सांगा, लग्न हा औषधोपचार नाही, आणि लपवून केलेलं लग्न पुढे कोर्टात जाऊ शकतं. त्याला कधी करावंसं वाटलं तर मुलीला त्यानं स्वतः सगळं सांगून करावं. आईला एकटं ठेवू नका. मला आधार मिळाला तो पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये, डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ मध्ये सुरू केलेली संस्था. तिथं दुसऱ्या आईबापांशी बोललो तेव्हा छातीवरचं ओझं उतरलं. रात्रीबेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस १४४१६, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट आहे.

कृष्णाकाठ:
खतावणीताई, "गोळी घेतलीस का" हे वाचून आईनं डोळे पुसले. आमच्याकडे दिवसातून चारदा होतं ते. कागद कधी करावा? आणि नोकरीत सांगावं का?

खतावणी:
लगेच नको. त्याची झोप बसू दे, महिने जाऊ देत. मग पेन त्याच्या हातात द्या. मार्चमधलं त्याला नीट आठवणार नाही, तेवढं तुम्ही शांतपणे सांगा. कोण सांगेल हेही त्यालाच निवडू दे, आईच पाहिजे असं नाही. तोवर गोळीची वेळ ठरवा, डबी त्याच्याकडे द्या आणि संध्याकाळी एकदाच बघा.

नोकरीत रात्रपाळी टाळायची, ती झोपच मोडते. "रात्रपाळी देऊ नये" एवढंच लिहिलेलं पत्र डॉक्टरांकडून मागून घ्या, आजाराचं नाव लिहायलाच हवं असं नाही. आमच्याकडे मार्चअखेरीला सगळे रात्री उशिरापर्यंत थांबतात, मी सकाळी सातला जाऊन माझं काम उरकते. मॅनेजरला आजार माहीत आहे, बाकीच्यांना मला जागरण चालत नाही एवढंच.