विषय: २६ एप्रिल – सरांची आठवण

मंडळी,
२६ एप्रिलला आधुनिक कराटेचे जनक फुनाकोशी गुरुजींचा स्मृतिदिन. जळगाव-भुसावळकडे कराटे शिकलेल्यांनी आपापल्या गेलेल्या सरांचे, सोबत्यांचे फोटो पाठवा. स्लाइड शो करू, मग दोन मिनिटं स्तब्धता.
– ताई

ताई,
माझ्याकडे सरांचा एकच फोटो, त्यातही ते पाठमोरे. चालेल का? घामाने मांजरपाट पाठीला चिकटलंय. ड्रेस तेव्हा गल्लीतला शिंपीच शिवायचा, विकतचा कुणाला परवडणार!

फुनाकोशी गेले १९५७ साली. जपानमधल्या कामाकुराच्या एन्गाकुजी मंदिरात त्यांचं स्मारक आहे, त्यावर कोरलंय : कराटेत पहिला वार नाही. आमच्या सरांनी हे वाक्य कधी ऐकवलं नाही. हेइआन शोदान, म्हणजे हालचालींचा पहिला ठरलेला क्रम, शिकवताना विचारायचे, "पहिली हालचाल कोणती? गेदान बराई. म्हणजे अडवणं." तरी कुणी आधीच हात उगारला, की थेट अहिराणीत, "घाई कसानी शे रे?"

बांभोरीचा एक पोरगा होता. गिरणेच्या पुलावरून सायकल हाणत यायचा, उशीर झाला की दारातच वाकून उभा. हायवेवर गेला बिचारा. त्याच्या आईने तपकिरी पट्टा सरांना आणून दिला. सरांनी तो हॉलच्या खिळ्याला टांगला. नवी पोरं आत शिरताना सरांच्या आधी पट्ट्यासमोर वाकायची, आणि सर ते चालवून घ्यायचे. एरवी फरशीवर चप्पल दिसली तरी वीस बैठका.

स्तब्धतेऐवजी मोकुसो करू या का? वज्रासनात, डोळे मिटून. उभं राहून आपण घड्याळच बघतो.

आणखी एक. २०२० ची अखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, नेमकी २६ एप्रिललाच आली होती. सर त्याआधीच्या पावसाळ्यात गेलेले. लॉकडाऊनमुळे मी इथेच अडकलो. आईने फोनवर सांगितलं, आजोबांच्या नावाने घागर भरली, आगारी (पितरांसाठी निखाऱ्यावर घास) टाकताना तुझ्या सरांचंही नाव घेतलं. ना नात्याचे, ना भावकीतले. मी तिला सांगितलंही नव्हतं.
– भाऊ

भाऊ,
पाठमोराच लावू, तसेच ते जास्त दिसायचे आपल्याला. मोकुसो पक्का, फक्त गुडघेवाल्यांना खुर्ची देऊ. हॉलमध्ये घागरही भरू, सांजोऱ्या माझ्याकडे. वर ठेवायला खरबूज तेवढं तू बघ, इथली फार गुळगुळीत असतात.
– ताई