सिगारेट आपोआप विझायला हवी, हा नियम भारतात का नको?

नदीकाठ
न्यूयॉर्क राज्यात २८ जून २००४ पासून एक नियम लागू आहे: ओढणं थांबलं की सिगारेट बहुतेक वेळा आपोआप विझली पाहिजे. त्यासाठी कागदावर ठरावीक अंतराने कमी हवा जाऊ देणारे पट्टे असतात. निखारा पट्ट्यापाशी आला आणि कुणी झुरका घेतला नाही, तर हवेअभावी तो विझतो. चाचणीही साधी आहे. गाळणकागदाच्या दहा थरांवर ४० पेटत्या सिगारेटी ठेवायच्या, त्यातल्या २५ टक्क्यांहून जास्त शेवटपर्यंत जळता कामा नयेत.

हार्वर्डच्या संशोधकांनी २००५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या सिगारेटी आणि त्याच ब्रँडच्या, पण नियम नसलेल्या कॅलिफोर्निया-मॅसॅच्युसेट्समधल्या सिगारेटी शेजारी ठेवून तपासल्या. न्यूयॉर्कच्या सरासरी १० टक्के शेवटपर्यंत जळल्या, दुसरीकडच्या ९९.८ टक्के. विक्रीही घटली नव्हती. कंपन्यांना सगळं येत होतं, तरी जिथे कायदा नव्हता तिथे त्या जुनाच माल विकत राहिल्या. माझा सगळा राग यावर आहे.

मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टवूड गावात १९७९ मध्ये पेटत्या सिगारेटमुळे लागलेल्या आगीत पाच मुलांसह सात जणांचं कुटुंब गेलं. तिथले खासदार जो मोक्ली यांनी त्यानंतर हा प्रश्न हाती घेतला आणि सोडला नाही. २००१ मध्ये ते वारले, तेव्हा एकाही राज्यात नियम अमलात आला नव्हता. पुढे कॅनडा २००५ मध्ये, ऑस्ट्रेलिया २०१० मध्ये, युरोपीय संघ २०११ मध्ये आला, आणि अमेरिकेची पन्नासही राज्यं २०११ पर्यंत आली. आपल्या २००३ च्या तंबाखू कायद्यात जाहिराती, पाकिटावरचे इशारे, निकोटिन, टार सगळं आहे. आगीबद्दल अवाक्षर नाही.

सोलापुरी_चादर
भारत सिगारेटवर कुठे चालतो? २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत सिगारेट ओढणारे प्रौढ ४ टक्के निघाले, विडी ओढणारे ७.७. तेंदूचं पान मुळातच नीट जळत नाही, दोन झुरक्यांत खंड पडला की विडी विझते. आमच्याकडे विडी वळणाऱ्या बायकांच्या हातून जे फुकट होतंय, त्यासाठी तुम्ही परदेशी कागद आणणार. मोठ्या कंपन्या हा कागद सहज घेतील, दर वाढवतील आणि पाकिटावर 'सुरक्षित' असं मिरवतील. लोकांनी ती सोडायला हवी, सुरक्षित कसली करताय?

बंबवाला
अग्निशमन दलात नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे.

गाळणकागद म्हणजे आपली गादी नव्हे. कापसाच्या गादीत निखारा पडला की ज्वाळा दिसत नाही. आतल्या आत तासन् तास धुमसतं, खोली धुराने भरते आणि झोपलेला माणूस जागा व्हायच्या आधीच गुदमरतो. आम्हाला वर्दी, म्हणजे आगीची खबर, मिळते ती शेजाऱ्याला धूर दिसल्यावर. बरं, पाणी मारून विझली म्हणून गादी घरात ठेवली, तर ती काही तासांनी पुन्हा पेटते. ती बाहेर काढून, फाडून, भिजवावी लागते, हे आजही घरोघरी माहीत नाही. पट्ट्याचा कागद निखाऱ्याला थोडं लवकर मारेल, मान्य. पण दोन पट्ट्यांच्या मधल्या अंतरात तो कापसाला लागला, तर पट्टा काय करणार?

जिन्यात सामान, बंद केलेली दारं, कोरड्या पडलेल्या टाक्या यांवर आधी जोर लावा. कमला मिलची आग (डिसेंबर २०१७, १४ मृत्यू) हुक्क्याच्या निखाऱ्यापासून लागल्याचं चौकशीत आलं. तिथे सिगारेटचा कोणता मापदंड उपयोगी पडला असता?

अनघा_प
काका, धुमसण्याचं वर्णन पटलं, घरच्यांना वाचून दाखवणार आहे. पण 'सिगारेट राहू द्या, बाकीचं सुधारा' हा मुद्दा अमेरिकेत कुणी लावून धरला होता ते बघा. सिगारेट बदलावी लागू नये म्हणून तंबाखू कंपन्यांनी सोफा-गाद्यांकडे बोट दाखवलं. घरोघरीच्या फोममध्ये ज्वालारोधक रसायनं भरली गेली, ती धुळीतून मुलांच्या अंगात गेली. 'शिकागो ट्रिब्यून'ने २०१२ मध्ये हे सगळं उघड केलं. एका कागदाचा खर्च वाचवण्यासाठी लाखो घरांतल्या सोफ्यांमध्ये विष भरलं गेलं.

टोरांटोकर
कॅनडात हे २००५ पासून आहे आणि ओढणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. सिगारेट हातात धरल्या धरल्या विझते म्हणून कुरकूर करतात, परत पेटवतात. कुरकुरीपलीकडे काही झालेलं नाही.

सोलापुरी_चादर
परिणाम दाखवा. धूम्रपान कमी झालं, घरात धूरसूचक आले, त्यामुळेही आगी घटल्या असतील. श्रेय कागदाला कसं?

नदीकाठ
प्रश्न योग्य आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २००८ ला कायदा लागू झाला. २००४ ते २०१० च्या आगींच्या नोंदी तपासल्यावर सिगारेटमुळे घराला आग लागण्याची शक्यता २८ टक्क्यांनी घटल्याचं आढळलं. शून्य झाली नाही, तसा दावाही कुणी केला नाही. बंबवाला, दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा तुमचा मुद्दा म्हणूनच खरा आहे, आणि म्हणूनच नाव 'सुरक्षित' देऊ नये, पाकिटावर तसं छापायला बंदी हवी. सोडण्याबद्दल: ओढणाऱ्याने सोडावी हे मलाही वाटतं. पण अमेरिकेत अशा आगींत मरणाऱ्या दर चौघांत एक जण असा असतो, ज्याची ती सिगारेट नव्हतीच. शेजारच्या खोलीतलं मूल किंवा वरच्या मजल्यावरची आजी कुणाच्या सोडण्याची वाट बघणार?

बंबवाला
पाकिटावर बंदी असेल तर माझा अर्धा विरोध संपला. उरलेला अर्धा नोंदींबद्दल आहे. आपल्याकडे आगीचं कारण लिहिताना 'शॉर्ट सर्किट' लिहून मोकळं व्हायची सवय आहे. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) अहवालात फटाके, शॉर्ट सर्किट, सिलिंडर-स्टोव्हचा स्फोट यांचे रकाने आहेत, पेटतं थोटूक 'इतर कारणां'त जातं. विडीची किती, सिगारेटची किती, उदबत्तीची किती हे कळल्याशिवाय मी कुठल्याही बाजूने हात वर करणार नाही. आधी तो रकाना वेगळा करा. त्यासाठी ना नवा कागद लागतो, ना दिल्लीत विधेयक.

अनघा_प
रकाना हवाच. पण तो भरेपर्यंत कागद थांबवायचं कारण मला अजून दिसलेलं नाही. न्यूयॉर्कने वेस्टवूडनंतर २५ वर्षं घेतली.