टीमसाठी टी-शर्ट छापून घेताना : सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

येत्या फेब्रुवारीत आमच्या कंपनीला २५ वर्षं पूर्ण होतायत. १४० टी-शर्ट करायचेत आणि ते काम पुन्हा माझ्याकडे आलंय. मी चिंचोळी एमआयडीसीत एचआरला आहे. दोन वर्षांपूर्वी ११० पीस केले होते, तेव्हा जे झालं ते आधी सांगते.

मोबाईलवर आलेल्या फोटोंतून गडद निळा, कॉलरचा टी-शर्ट निवडला. दिसायला छान, चकाकी होती, लोगो उठून दिसत होता. कार्यक्रमाच्या दिवशी सगळ्यांनी घातला, फोटो निघाले. एप्रिल उजाडला आणि पारा ४२ च्या पुढे गेला, तसा शॉप फ्लोअरवर एकाच्याही अंगावर तो दिसेना. विचारलं तर लोडिंगमधले एक काका म्हणाले, "मॅडम, अंगाला चिकटतंय. घाम आतल्या आतच राहतोय. लई गरम होतंय." पुढे एक दिवस त्यांच्या सायकलच्या सीटवर तोच टी-शर्ट बांधलेला पाहिला, लोगो वरच्या बाजूला. त्यांची काहीच चूक नव्हती. ज्याला दिवसभर उन्हात पोती उचलायची आहेत, त्याला विचारल्याशिवाय मी एसीत बसून कापड ठरवलं होतं. ते मला आजही लागतं.

यंदा तसं होऊ द्यायचं नाही. कापड, मापं, छपाई, वेळ, ज्याला जे अनुभवाला आलं असेल ते मोकळेपणानं लिहा. दुकानांची नावं नकोत, काय घडलं ते हवं.

अक्कलकोट रोड, टॉवेल कारखाना

ताई, सोलापुरात राहून आपण टॉवेल घेताना जीएसएम विचारतो आणि टी-शर्ट घेताना नुसता रंग बघतो, याचं मला नवल वाटतं. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. गोल गळ्याच्या टी-शर्टला १६० ते १८० ठीक. कॉलरवाल्याला जाळीदार विणीचं कापड लागतं, त्याला आमच्याकडे मॅटी म्हणतात. ते २२० च्या आसपास असतं. आपल्या उन्हाळ्यात २४० चं जाड कापड घेऊन कुणी जास्त गुणवत्तेचं म्हणून सांगत असेल तर ऐकू नका.

आम्ही कारखान्याच्या क्रिकेट टीमसाठी केले तेव्हा सॅम्पल १८० चं दाखवलं. लॉट आल्यावर हाताला हलका लागला. आमच्याकडे जीएसएम कटर आहेच. त्यातून बरोबर १०० चौरस सेंटिमीटरची गोल चकती निघते. ती काट्यावर ठेवायची आणि ग्रॅमला १०० नं गुणायचं. १.५२ ग्रॅम भरली, म्हणजे १५२. पूर्ण लॉट परत केला. एक पीस कापावा लागतो, पण १०० पीस वाया जाण्यापेक्षा एक गेलेला बरा. कटर नसेल तर ओळखीच्या कुठल्याही टॉवेलवाल्याकडे जा, दोन मिनिटांचं काम आहे.

सुती आहे की मिसळलेलं, हे बघायला आतल्या शिलाईजवळून कापडाचा एक धागा काढा आणि जाळा. सूत कागदासारखं जळतं, वास कागदाचा आणि हातात भुरभुरीत राख. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक मणी होतो. मात्र शिलाईचा दोरा जाळू नका, तो बहुतेक पॉलिस्टरचाच असतो. कापडाचाच धागा काढा.

फाउंड्री, मेंटेनन्स विभाग

वरच्या दादांनी मणी होतो म्हणून लिहिलं, त्यावरूनच लिहितोय. आमच्याकडे एकदा सुरक्षा सप्ताहाला सगळ्यांना खेळाडूंचे असतात तसले सळसळीत पॉलिस्टरचे टी-शर्ट वाटले. ग्राइंडिंगवर असलेल्या माझ्या जोडीदारानं एप्रन न बांधता तोच घालून काम सुरू केलं. ठिणगी पडली. सुती असता तर भोक पडलं असतं, झटकलं असतं. हे वितळून छातीला चिकटलं. जखम लहान होती, पण काढताना कातडी आली.

वेल्डिंग, ग्राइंडिंग, भट्टी, जिथे आग किंवा ठिणगी आहे तिथल्या माणसाला पॉलिस्टर देऊ नका, मिसळलेलंही नको. सुतीसुद्धा पेट घेतं, म्हणून एप्रनला पर्याय म्हणून टी-शर्ट धरू नये. सगळ्यांचा सारखा दिसावा या हट्टापायी हे विसरलं जातं. रंग आणि लोगो एक ठेवा, कापड कामाप्रमाणे बदला.

स्क्रीन प्रिंटिंगचं काम करणारा, १९ वर्षं

गिऱ्हाईक येतं ते "लोगो छापायचाय, किती घेणार" असंच विचारत येतं. माझा पहिला प्रश्न असतो, कशावर? कापड कळल्याशिवाय छपाई सांगताच येत नाही.

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापायचं. त्यात प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम, म्हणजे ती जाळीची चौकट, लागते. गडद कापड असेल तर खाली आधी पांढरा थर द्यावा लागतो, नाहीतर पिवळा रंग हिरवट, लाल रंग तपकिरी दिसतो. म्हणजे काळ्या टी-शर्टवर तीन रंगांचा लोगो असेल तर चार फ्रेम. फ्रेमचा खर्च एकदाच, म्हणून दहा पिसांना हे महाग पडतं आणि दीडशेला सगळ्यात स्वस्त. ताई, तुमच्या १४० ला हेच करा, आणि लोगो एका किंवा दोन रंगांत बसवून घ्या.

डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापून, मागे गोंदाची पावडर लावून, हीट प्रेसनं चिकटवायचं. कितीही रंग, फोटोसुद्धा येतो, एक पीस असला तरी होतो. पाठीवर प्रत्येकाचं वेगळं नाव हवं असेल तर हेच. पण मोठा चौकोन छातीवर मारला की तिथून हवा जात नाही, प्लॅस्टिकचा तुकडा बांधल्यागत होतं. लहान नक्षीलाच वापरा.

सब्लिमेशनमध्ये रंगाची उष्णतेनं वाफ होते आणि ती थेट पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. हाताला काहीच लागत नाही, रंग निघत नाही. पण ते पॉलिस्टरवरच, आणि फिक्या रंगावरच. त्यात पांढरी शाई नसते. सुतीवर करून द्या म्हणणारे दर महिन्याला येतात, त्यांना परत पाठवावं लागतं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती अजून बऱ्याच ठिकाणी होते. मरून पॉलिस्टरवर पांढरी अक्षरं छापली. संध्याकाळी शुभ्र. दोन दिवसांनी गिऱ्हाइकाचा फोन, अक्षरं गुलाबी झाली. शाई पक्की करायला साधारण १६० अंशांची उष्णता लागते, आणि तेवढ्यात पॉलिस्टरचा स्वतःचा रंग उडून वरच्या शाईत चढतो. ७० पीस मी माझ्या पैशानं पुन्हा केले. तेव्हापासून गडद पॉलिस्टरवर कमी उष्णतेत पिकणारी शाई आणि खाली रोखणारा थर, त्याशिवाय हात लावत नाही. तुमचा छापणारा याबद्दल काय सांगतो ते जरूर विचारा. त्याला प्रश्नच कळला नाही तर दुसरीकडे जा.

डिलिव्हरी घेताना छापलेला भाग दोन्ही हातांनी ताणून बघा. शाई तडकली तर ती नीट पिकलेली नाही, तीन-चार धुण्यांत पापुद्रे निघणार. घरी गेल्यावर उलटा करून धुवा, इस्त्री छपाईवर थेट फिरवू नका.

होटगी रोड, लेखा विभाग

आमच्या ऑफिसात ३२ जणांत ११ बायका. दरवेळी यादी फिरते, एस, एम, एल, एक्सएल, आणि सगळे पुरुषांच्या बेताचे. खांदे खाली उतरतात, कंबरेवर बसत नाही, बाही कोपरापर्यंत. मग कुर्त्यावर चढवून फोटो काढायचा आणि घरी नेऊन लेकाला द्यायचा. तीन वर्षं मी हेच केलं आणि गप्प बसले.

चौथ्या वर्षी मीच पुढे झाले. यादी फिरवलीच नाही. दुकानदाराकडून सगळ्या मापांचे एकेक पीस आणले, एका खोलीत ठेवले आणि प्रत्येकीला घालून बघायला सांगितलं. एकाच्या "एल"ची छाती ४० इंच आणि दुसऱ्याच्या "एल"ची ४२, त्यामुळे अक्षरावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. आपल्याला नीट बसणारा टी-शर्ट जमिनीवर पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा, ते खरं माप. सुती असेल तर आटणार हे धरून थोडं सैल घ्या.

बायकांसाठी वेगळा बेत आणि लांबी दोन इंच जास्त सांगितली. पिसामागे २५ रुपये वाढले. साहेबांनी विचारलं, गरज आहे का? मी म्हटलं, घालणार नसतील तर बाकीचे पैसे वाया जातात. त्यांना पटलं. एक सहकारी तेव्हा सातव्या महिन्यात होती, तिनं माप सांगताना संकोच केला होता. तिच्यासाठी दोन माप मोठा घेऊन ठेवला. एवढंच नव्हे, थ्रीएक्सएल लागणाऱ्या माणसाला सगळ्यांसमोर विचारू नका. तो "चालेल, चालेल" म्हणतो आणि मग घालतच नाही.

सात रस्ता, डिझाइनर

मराठी अक्षरांचं कुणीच लिहिलं नाही! आमच्या गिऱ्हाइकाला पाठीवर "वर्धापन दिन" हवं होतं. माझ्या कॉम्प्युटरवर बरोबर. प्रिंटरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, फाइल उघडताना अक्षरं बदलली, रफार सुटून र पाय मोडलेला वेगळा उभा राहिला. छापणाऱ्या मुलाच्या घरची भाषा तेलुगू, तो मराठी बोलतो झकास, पण त्याला ते खटकलं नाही आणि फ्रेम बनली. ६० पिसांवर मोडकं "वर्धापन" गेलं. दोष त्या मुलाचा नाही, माझा.

कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर कर्व्ह करून पाठवायचा, म्हणजे अक्षरांचं चित्र होतं आणि फॉन्ट असो नसो बदलत नाही. सोबत पीडीएफ किंवा जेपीजी द्यायचं, म्हणजे छापणाऱ्याला ताडून बघता येतं. आणि फ्रेम बनण्याआधी त्याच्या स्क्रीनचा फोटो मागवून ऱ्हस्व-दीर्घासकट वाचायचा. व्हॉट्सॲपवरून उचललेला लोगो देऊ नका, मोठा केला की कडा फाटतात.

पूर्व भाग, युनिफॉर्मचं युनिट

एक लक्षात घ्या. सोलापूर चादरीचं, टॉवेलचं आणि युनिफॉर्मचं गाव. आपल्या मागावर उभे-आडवे धागे विणले जातात. टी-शर्टचं कापड होजिअरी, फाशांचं, ते आपल्याकडे बहुतेक तामिळनाडूतल्या तिरुपूरहून येतं. शिलाई आणि छपाई मात्र इथे उत्तम होते. म्हणून ठरलेला रंग हाताशी नसेल तर कापड यायलाच आठ-दहा दिवस धरा.

आणि एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत ऑर्डर देऊ नका. शाळा उघडायच्या आधी आमच्या मशीनना श्वास नसतो. बाहेरून कुणी आलं की कारागीर म्हणतात, "काय करूलालास बे, इथं गणवेश संपेना!" त्या गर्दीत केलेल्या कामात धागे लोंबतात, बाही तिरकी जाते, मी खोटं बोलत नाही. तुमचा फेब्रुवारी सोयीचा आहे. फक्त गड्ड्याची जत्रा लागायच्या आधी कापड घेऊन ठेवा. संक्रांतीच्या दिवसांत अर्धे लोक सुट्टीवर असतात.

सगळ्या मापांचे मिळून पाच-सहा पीस जादा करा, नंतर दोनच पीस करून कुणी देत नाही. बिल पक्कं घ्या. २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के जीएसटी आहे, त्यासाठी कच्च्या बिलावर काम करण्याची गरज नाही.

पुन्हा मी, हा विषय काढणारी, चिंचोळी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन संध्याकाळी बसून वाचलं आणि काल साहेबांशी बोलले.

शॉप फ्लोअर आणि लोडिंगला गोल गळ्याचा सुती, १८०. वेल्डिंगच्या ९ जणांनाही तोच, एप्रन आहेच. ऑफिसला कॉलरचा, मॅटी, लोगो खिशाच्या जागी भरतकामात. रंग सगळ्यांना एकच, राखाडी. गडद निळा मीच काढून टाकला. पाठीवर एका रंगात "२५ वर्षं", बाकी काही नाही. मापांसाठी सोमवारी कँटीनशेजारची खोली मिळालीय, बायकांसाठी वेगळी वेळ ठेवलीय.

सॅम्पल आलंय. ते मी माझ्या टेबलावर ठेवलं नाही. लोडिंगच्या त्याच काकांना दिलं आणि म्हटलं, आठवडाभर घाला, घरी नेहमी धुता तसंच धुवा, आणि शनिवारी आणून दाखवा. त्यांनी आधी कापड चिमटीत धरून चोळलं, उजेडात धरलं, मग विचारलं, "आणि आवडलं नाही तर?"

"तर दुसरं बघू," मी म्हटलं. शनिवारपर्यंत ऑर्डर थांबवलीय.