अनुभव धागा: पावसाळ्यात सहकुटुंब रत्नागिरी, एका दिवसात

जुलै-ऑगस्टात मुलंबाळं, आजी-आजोबा घेऊन येणारे नेहमी विचारतात, धो धो पावसात रत्नागिरीत बघायचं काय? माहीतगारांनी लिहावं (उत्तराआधीचं नाव हे लिहिणाऱ्याचं टोपणनाव). हिरव्यागार डोंगरांची वर्णनं नकोत. वेळा, रस्ते आणि कुठे काय फसतं तेवढं सांगा.

खाडीकाठ:
आधी भरती बघा, मग बाकीचं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला 3, अष्टमीला 6, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसा आणि रात्रीही. वद्य पक्षात मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या आसपास समुद्राची ठिकाणं दुपारी घ्यावीत, पौर्णिमेला संध्याकाळी. उधाणाच्या दिवशी मांडवीच्या जेट्टीवर लाटा फुटतात, त्या लांबून बघायच्या. आणि ओहोटी आहे म्हणून पाण्यात उतरू नका, पावसाळ्यात ओढ तेव्हाही असते. गुडघाभर पाणीसुद्धा नको.

सडा:
छपराखालची ठिकाणं सकाळीच संपवू नका, सरीसाठी राखून ठेवा. थिबा राजवाडा त्यातला पहिला. ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून पुढे रत्नागिरीत आणून ठेवलं. हा वाडा 1910 च्या सुमाराचा, आणि 1916 मध्ये राजा वारला तोही इथेच. अर्धगोल लाकडी खिडक्या आणि मागच्या बाजूची बुद्धमूर्ती चुकवू नका. आता संग्रहालय आहे, सोमवारी बंद. तिथून टिळक आळीत टिळकांचं जन्मघर. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेच्या तुरुंगात, हे मुलांना तिथेच सांगा, इतिहासाच्या पुस्तकापेक्षा लक्षात राहतं. 1931 चं पतितपावन मंदिरही शहरातच आहे. झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा आहे. लहान मुलं असतील तर हेच आधी.

जांभाचिरा:
वरच्या यादीत रत्नदुर्ग नाही ते बरंच. भर पावसात तीन बाजूंनी समुद्र असलेल्या त्या किल्ल्यावर छत्री उलटी होते आणि जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरलेलं असतं. पाऊस दोन-तीन तास थांबला असेल तरच भगवतीच्या देवळापर्यंत जा. भुयाराकडे उतरणं पावसाळ्यात साफ बंद समजा.
चपलेबद्दल: गुळगुळीत तळाची रबरी चपल जांभ्यावर हमखास सटकते. गमबूट आत पाणी गेलं की दिवसभर डबक्यासारखे. मागे पट्टा असलेल्या, खाचांच्या तळाच्या सँडल सगळ्यात बऱ्या. जीन्स नको, इथल्या हवेत दोन दिवस सुकत नाही. प्रत्येकाचा एक कोरडा जोड वेगळ्या पिशवीत बांधून ठेवा. एकाच पिशवीत सगळ्यांचे ठेवले की पहिल्याला कपडे देतानाच बाकीचे भिजतात.

रहाटाघरची लाल बस:
गणपतीपुळ्याला आरे-वारे मार्गे साधारण 25 किलोमीटर. रस्ता सुरेख, पण वाऱ्या-पावसात समोरचं दिसत नाही आणि वळणावर फोटोला थांबलेल्या गाड्या असतात. जोराचा पाऊस असेल तर निवळी-जाकादेवीवरून जा, लांब पडतं पण आतला रस्ता आहे. देवळाची प्रदक्षिणा डोंगराभोवती, जवळजवळ किलोमीटरभर आणि अनवाणी. आजी-आजोबांना ओल्या फरशीवरून नेण्याचा हट्ट नको, दर्शन पुरे. पुढे मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, शांत आणि छपराखालचं.

चूलखंड:
जेवणाबद्दल कोणीच बोललं नाही! जून-जुलैत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दिवसांत ताटात आलेली सुरमई बहुतेक बर्फातली, आणि भाव मात्र ताज्याचा. त्यापेक्षा खाडीतलं काय आहे ते विचारा, चिंबोऱ्या मिळाल्या तर उत्तम, नाहीतर सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी. शाकाहारी असाल तर हाच मोसम. टाकळा, फोडशी, भारंगी या रानभाज्या सकाळी विचारून ठेवाव्या लागतात, पाटीवर लिहिलेल्या नसतात. भारंगी कडवट; पानं उकळून, घट्ट पिळून, ते पाणी फेकून मग कांद्यावर परततात, वरून ओलं खोबरं. नीट पिळली नसेल तर मुलं पहिल्या घासाला ताट सारतील. दीडनंतर घरगुती खानावळीत भाजी उरत नाही.

खाडीकाठ:
परतीचं राहिलं. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, काही गाड्या नेहमीपेक्षा लवकर सुटतात. जुनी वेळ पाठ आहे म्हणून निघालात तर गाडी गेलेली असेल. शिवाय मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी 40 च्या वेगाने न्यायची असते, त्यामुळे पुढची जोडगाडी ठरवताना मध्ये भरपूर वेळ सोडा. स्टेशन कुवारबावकडे, शहरापासून पाच-सहा किलोमीटर. रिक्षा आधी सांगून ठेवा, सर आली की रस्त्यावर एकही रिकामी दिसत नाही.

सडा:
आंबा घाटाने कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी उजेडात घाट चढावा. दरड आली तर दिवसा निदान दिसते.