'पुट ऑफ'चा अर्थ ओळखायचा कसा? मदत हवी आहे

'पुट ऑफ' या इंग्रजी क्रियापदाने मला बुचकळ्यात टाकले आहे. 'दे पुट ऑफ द मीटिंग' म्हणजे बैठक पुढे ढकलली, हे सरळ आहे. परंतु 'द स्मेल पुट मी ऑफ' या वाक्यात ढकलण्याचा काहीच संबंध नसून, वासाने मन विटले, असा अर्थ निघतो. सर्वनाम मध्येच बसते, म्हणजे 'पुट इट ऑफ' चालते आणि 'पुट ऑफ इट' चालत नाही, हा नियम पाठ आहे (तरी बोलताना जीभ घसरतेच). खरी अडचण अशी, की 'डोन्ट पुट मी ऑफ' असे कोणी म्हणाले, तर 'मला टाळू नका' की 'माझे लक्ष विचलित करू नका', हे केवळ संदर्भावरून ठरते, की वाक्यरचनेतही काही खूण असते? जाणकारांनी कृपया उदाहरणासह सांगावे.